राजवाड्यावर भेटू!

"संध्याकाळी सहाला राजवाड्यावर भेटू." असा निरोप इंदुरात कुणालाही पाठवा. तो माणूस बरोब्बर राजवाड्यासमोरच्या चौकात येऊन उभा राहील. होळकरांच्या त्या सात मजली वाड्याच्या छपरावर चढून आपल्यापैकी कुणीही आजवर मित्राची वाट पाहिलेली नाही. पण हाच निरोप मी एकदा पुण्याहून आलेल्या मावसभावाला पाठवला, तर त्यानं उलट विचारलं, "वर जायला तिकीट लागतं का गं?" आणि हेच वाक्य इंग्रजीत "आय विल मीट यू ऑन राजवाडा" असं लिहिलं, की पेपरात लाल रेघ ठरलेली.

एकच 'वर'. इंदुरी हिंदीत तो 'पे' होऊन सुखानं नांदतो, पुण्याच्या मराठीत हसू आणतो आणि इंग्रजीत मार्क घालवतो.

मराठी मंडळाच्या अंकात इंग्रजी प्रीपोझिशनवर लेख कशाला, असं काहींना वाटेल. इन, ऑन, ॲट, टू, इन्टू, फ्रॉम हे सगळं इंग्रजीच्या तासाला झालं की! खरं आहे. पण माझं म्हणणं असं, की आपण हे शब्द चुकतो ते इंग्रजी कच्चं असल्यामुळे जितकं, तितकंच आपल्या मराठीकडे न पाहिल्यामुळे. आणि चुकल्यावर आपण एकमेकांना जे हसतो, त्यानं जेवढं नुकसान होतं तेवढं चुकीनं होत नाही. ही दोन विधानं मी हवेत करत नाही. पहिलं मी अभ्यास करताना शिकले. दुसरं आमच्या घरात घडलं.

आधी घरातलं सांगते. आईचं माहेर बऱ्हाणपूरचं, शिक्षण मराठी-हिंदीतलं. धाकट्या भावाच्या शाळेत पालकसभा होती. मी तेव्हा नववीत होते, आईबरोबर गेले होते. बाईंनी विचारलं, मुलगा घरी कसा जातो, घ्यायला कोण येतं? आईनं आदल्या रात्री मनात घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं. "ही इज कमिंग इन बस. आय ॲम स्टँडिंग ऑन गेट." बाई हसून म्हणाल्या, "ऑन द गेट? मॅडम, आप गेट पे चढ़ जाती हैं क्या?" वाईट हेतू नव्हता. गंमत केली. आजूबाजूचे पालक हसले. आईही हसली. आणि मीही हसले.

त्यानंतरच्या एकाही पालकसभेला आई गेली नाही. कधी बाबांना रजा काढायला लावायची, कधी "तूच जा गं, तुला येतं सगळं" म्हणून मला पाठवायची. मला खूप उशिरा कळलं, की ती बाईंच्या हसण्यानं नव्हे, माझ्या हसण्यानं गप्प झाली होती.

आता चूक काय होती ते शांतपणे बघू. आईला म्हणायचं होतं, "मी फाटकापाशी उभी असते." 'पाशी'. किंवा 'फाटकाशी'. आमची आजी अजून असंच बोलते. "दाराशी कोण आलंय बघ." "खिडकीशी बसू नको, वारा लागेल." "देवळापाशी थांब, मी येतेच." आता ही तिन्ही वाक्यं इंग्रजीत करून पाहा. ॲट द डोअर. ॲट द विंडो. ॲट द टेम्पल. तिन्ही ठिकाणी ॲट! इंग्रजीच्या पुस्तकात ॲटचा अर्थ 'ठिकाण हा एक बिंदू धरला तर' असा काहीतरी दिलेला असतो आणि तो वाचून माझ्या डोक्यात काहीच शिरत नसे. पण 'दाराशी' म्हटलं की सगळं लख्ख दिसतं. दाराच्या आत नाही, दाराच्या वर नाही, दार हे ठिकाण धरून त्याच्या लगत.

म्हणजे मराठीकडे हा शब्द होता. आईच्या तोंडून तो गेला कुठे? तर रोजच्या हिंदीनं तो खाल्ला. 'गेट पे', 'दरवाज़े पे', 'राजवाडे पे', 'घर पे'. इंदुरात आपण दिवसभर असंच बोलतो, आणि घरी येऊन मराठी बोलतानाही 'पे'च्या जागी 'वर' टाकून मोकळे होतो. मी स्वतः कित्येकदा फोनवर "बाबा घरावर आहेत" असं म्हटलंय. पुण्याच्या मावशीनं एकदा काळजीनं विचारलं, "कौलं फुटली का?" तोच 'वर' पुढे इंग्रजीत गेला की 'ऑन' होतो, आणि आई फाटकावर चढते. चूक इंग्रजीत दिसली, पण ती सुरू झाली होती मराठीतला 'शी' सुटला तिथे.

याचा अर्थ 'पाशी' म्हटलं की इंग्रजी आपोआप येईल, असा मुळीच नाही. 'स्टेशनवर', 'नाक्यावर', 'विहिरीवर' हे चांगले मराठी शब्दप्रयोग आहेत. ते हिंदीतून आलेले नाहीत, आणि तरीही इंग्रजीत तिथे ॲट लागतो. प्रत्येक भाषा जागेचे वाटे आपापल्या पद्धतीनं घालते. आपला वाटा कुठला आणि त्यांचा कुठला, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिलं तर पाठांतर निम्मं होतं, एवढंच माझं म्हणणं.

थोडं ठेवून पाहू या. 'ला' घ्या. "मी इंदूरला राहते." "मी इंदूरला जाते." "मी इंदूरला पोहोचले." मराठीत तिन्हींकडे 'ला'. इंग्रजीत पहिल्याला इन, दुसऱ्याला टू, आणि तिसऱ्याला काहीच नाही. नुसतं 'रीच्ड इंदूर'. आपण 'रीच्ड टू इंदूर' का लिहितो ते कळलं? तो टू म्हणजे आपला 'ला' आहे. "खोलीत शिरले"मधला 'त' असाच 'एंटर्ड इन्टू द रूम'मध्ये जाऊन बसतो. "ती माझ्यावर रागावली"मधला 'वर' जातो आणि 'ॲंग्री ऑन मी' होतं. हे सगळे आपल्या घरचेच पाहुणे, चुकीच्या पत्त्यावर गेलेले.

उलट काही ठिकाणी मराठी आपल्याला अलगद मदत करते. 'गो टू होम' ही चूक किती जण करतात! खरं तर शाळेत जाते, बाजारात जाते, पण घरी जाते. तिथे 'त' नाही, 'ला' नाही, नुसती एक 'ई'. ही जुनी सप्तमी. गावी, दारी, सकाळी, रात्री यांतही तीच आहे. इंग्रजीतही शाळेला, बाजाराला टू लागतो आणि घराला लागत नाही. 'गो होम.' दोन्ही भाषांनी घराला बाकीच्या इमारतींपेक्षा वेगळं वागवलंय. आणि 'घरी' नि 'घरात' हा फरकही इंग्रजीत जसाच्या तसा आहे. घरी म्हणजे ॲट होम, घरात म्हणजे इन द हाउस. ज्याला 'घरी' आणि 'घरात' यांतला फरक कळतो, त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. जो 'घरावर' म्हणतो, त्याला मात्र दोन्ही भाषा पुन्हा शिकाव्या लागतात. हे मी स्वतःला धरूनच म्हणतेय.

आता बाजू उलटी करून पाहू. आपल्याला वाटतं, इंग्रजांचे हे शब्द म्हणजे जगातलं सगळ्यात अवघड प्रकरण. पण जो इंग्रज मराठी शिकायला बसेल त्याचे हाल विचारा. त्याच्याकडे 'फ्रॉम' हा एक शब्द. आपल्याकडे? पुण्याहून आलो. घरातून निघालो. टेबलावरून पडलं. ताईकडून घेतलं. सकाळपासून बसलोय. पुलाखालून गेलो. एका फ्रॉमपुढे सहा जण उभे! शिवाय शब्द आधी नाही, नंतर जोडायचा, आणि जोडायच्या आधी नामाचं सामान्यरूप करायचं. शाळा म्हटलं की 'शाळेत', माणूस म्हटलं की 'माणसात', दूध म्हटलं की 'दुधात'. हे आपल्याला तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून कुणीही न शिकवता येतं. 'अलीकडे' आणि 'पलीकडे' हे तर आणखी मजेचे. "पुलाच्या अलीकडे" म्हणजे बोलणारा जिथे उभा आहे त्या बाजूला. इंग्रजीत याला सुटसुटीत एक शब्द नाही, 'ऑन धिस साइड ऑफ द ब्रिज' अशी लांबण लावावी लागते. आणि "आजीकडे जाते" यातल्या 'कडे'त आजी, आजीचं घर आणि तिथला खाऊ असं सगळंच येतं.

हे काम करून दाखवलेली इंग्रज माणसं इतिहासात आहेत, आणि आपल्या कॉलेजच्या परंपरेला ती परकी नाहीत. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले. जन्मानं इंग्रज. १६१६ साली राशोलला त्यांचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, मराठी ओव्यांमध्ये, हजारो ओव्या. त्यांनी लिहिलेलं कोंकणीचं व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली छापून आलं. पुढे १८०५ साली श्रीरामपूरहून विल्यम केरींचं मराठी व्याकरण इंग्रजीत निघालं. या माणसांना आपल्या हून, तून, वरून, कडून यांनी नक्कीच घाम फोडला असणार. पहिल्या दिवशी ते चुकले नसतील, असं मला वाटत नाही. कुणीतरी त्यांचं चुकलेलं वाक्य ऐकून घेतलं, काय म्हणायचंय ते समजून घेतलं आणि दुरुस्त करून दिलं, म्हणून तर ओवीपर्यंत पोहोचता आलं. कल्पना करा, पहिल्याच वाक्याला सगळे खो खो हसले असते तर!

आणि मराठी माणसांनीही आपली भाषा अशीच बारकाईनं तपासलीय. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ सालचं. मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालचं. हे दामले म्हणजे केशवसुतांचे धाकटे भाऊ, आणि ते काही वर्षं उज्जैनच्या माधव कॉलेजात प्राध्यापक होते. म्हणजे ज्या माणसानं मराठीच्या शब्दयोगी अव्ययांचा एवढा कीस पाडला, तो आपल्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावर राहत होता. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. माळव्यातलं मराठी म्हणजे बिघडलेलं मराठी, असं ऐकत ऐकतच मी मोठी झाले होते.

एक फरक मात्र असा आहे, जो मला कुठल्याही गाइडमध्ये सापडला नाही आणि जो कळल्यावर इंग्रजी वाचणं सोपं झालं. दिशा कुठे ठेवायची, हा तो फरक. मराठी दिशा क्रियापदात ठेवते. चढला, उतरला, शिरला, निघाला, ओलांडला. इंग्रजी रोजच्या बोलण्यात क्रियापद साधं ठेवते आणि दिशा छोट्या शब्दात टाकते. वेंट अप, वेंट डाउन, वेंट इन, वेंट आउट, वेंट अक्रॉस. म्हणून इंग्रजीत तो छोटा शब्द गाळला की वाक्याचा कणाच जातो, आणि मराठीत तो जास्तीचा वाटतो. 'रॅन इन द रूम' आणि 'रॅन इन्टू द रूम' यांतला फरक आपल्याला दिसत नाही, कारण आपण दोन्हीला 'खोलीत' म्हणतो. पण "खोलीत पळत होता" आणि "पळत खोलीत शिरला" यांतला फरक कुणाला कळत नाही? तोच तो. इन्टू म्हणजे आपलं 'शिरणं'. ऑफ म्हणजे पुष्कळदा आपलं 'उतरणं'.

गंमत म्हणजे आपल्या भागातल्या लोकांनी इंग्रजीची ही युक्ती न शिकता उचललीसुद्धा. देवासहून, महूहून रोज इंदूरला येणारे आपल्या वर्गातले मित्रमैत्रिणी काय म्हणतात? "मी अप-डाउन करते." रेल्वेच्या अप आणि डाउन गाड्यांमधले हे दोन शब्द घेऊन त्यांनी रोजच्या दगदगीला नाव दिलं. इंग्लंडमधल्या माणसाला हे कळणार नाही. आपल्याला क्षणात कळतं. भाषा अशीच चालते.

आता मुद्द्यावर येते. सगळ्या चुका सारख्या नसतात, आणि आपण त्यांना सारखं वागवतो. मी त्यांचे दोन ढीग करीन.

पहिल्या ढिगात अशा चुका, ज्यांनी अर्थ बदलतो. 'थ्रो द बॉल टू हिम' म्हणजे त्याच्याकडे टाक. 'थ्रो द बॉल ॲट हिम' म्हणजे त्याच्यावर फेकून मार. मराठीतही हेच काम 'कडे' आणि 'वर' करतात, म्हणजे समजायला काही अवघड नाही. औषधाच्या बाटलीवर कानात घालायचं की कानावर लावायचं, गोळी गिळायची की जिभेखाली ठेवायची, हे एका छोट्या शब्दावर ठरतं. तिथे चुकून चालणार नाही. पत्त्याचंही तसंच. माझ्या एका मैत्रिणीला मुलाखतीसाठी पत्ता आला होता, अमुक बँकेच्या 'अपोझिट'. ती बँकेच्या दारापुढे वीस मिनिटं उभी. आपल्या 'समोर'मध्ये दोन्ही बसतं, दारापुढेही आणि रस्त्यापलीकडेही. इंग्रजीत दारापुढे म्हणजे 'इन फ्रंट ऑफ' आणि रस्त्यापलीकडे म्हणजे 'अपोझिट'. ऑफिस पलीकडे होतं. ती उशिरा पोहोचली. हा ढीग मन लावून शिकायचा, शिकवायचा आणि चुकलं तर लगेच सांगायचं. लाज वाटू द्यायची नाही, पण सोडायचंही नाही.

दुसऱ्या ढिगात अशा चुका, ज्यांनी अर्थ जराही बदलत नाही. त्यांतून फक्त बोलणारा कुठल्या भाषेतून आलाय, ते कळतं. 'इन बस' की 'ऑन द बस'? बसमध्ये उभं राहता, चालता येतं म्हणून ऑन, आणि कारमध्ये नुसतं बसता येतं म्हणून इन, असा एक ठोकताळा सांगतात. लक्षात ठेवायला चांगला आहे. पक्षी झाडावर बसला तर 'इन द ट्री' आणि आंबा झाडावर लागला तर 'ऑन द ट्री'. हेही शिकावं. परीक्षेत मार्क आहेत, नोकरीच्या अर्जात उपयोग आहे. पण 'माझा मुलगा इन बस येतो' म्हणणाऱ्या आईचा मुलगा बसच्या आतच असतो. ऐकणाऱ्याला सगळं कळलेलं असतं. कळूनही जो हसतो, तो भाषा शिकवत नाही, आपली पायरी दाखवतो.

आणि ज्यांच्या नावानं आपण हसतो, त्या इंग्रजीवाल्यांचं तरी कुठे एकमत आहे? शनिवार-रविवारला ब्रिटिश माणूस 'ॲट द वीकेंड' म्हणतो आणि अमेरिकन 'ऑन द वीकेंड'. रस्त्यावरची गोष्ट ब्रिटनमध्ये 'इन द स्ट्रीट' असते, अमेरिकेत 'ऑन द स्ट्रीट'. ते एकमेकांच्या पालकसभेत गेले तर कुणी कुणाला हसायचं?

यावर माझे वर्गमित्र दोन आक्षेप घेतील, ते माहीत आहे. पहिला असा, की मुलाखत घेणारा असले ढीग करत बसत नाही. तो पहिल्या चुकीला नाव कापतो. हे मला मान्य आहे. म्हणूनच मी 'शिकू नका' म्हणत नाहीये. उलट जास्त नीट शिका, मराठी बाजूला ठेवून पुन्हा घोका असं म्हणण्याऐवजी मराठी हाताशी धरून शिका, असं म्हणतेय. पण मुलाखत घेणाऱ्याचा स्वभाव आपण घरी, वर्गात आणि कँटीनमध्ये का आणायचा? ज्याला वर्गात बोलू दिलं नाही, तो मुलाखतीत काय बोलणार?

दुसरा आक्षेप आपल्याच मंडळातला. 'राजवाड्यावर', 'घरावर' या इंदुरी मराठीलाही मग हसू नये का? की ती दुरुस्त करावी? मला वाटतं, दोन्ही ढीग इथेही लागू आहेत. इंदूर हे दोन भाषांचं गाव आहे, आजचं नाही. १९१७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरलं आणि लगेच पुढच्या वर्षी, १९१८ साली, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलनही इथेच भरलं. १९३५ साली तर दोन्ही संमेलनं एकाच वर्षी या शहरात झाली. अशा गावात मराठीनं हिंदीचं काहीच घेतलं नाही, तर तेच नवल. 'राजवाड्यावर भेटू' हे आता इंदूरचं मराठी आहे. राहू दे, छान आहे. पण 'शी', 'पाशी', 'घरी', 'गावी' हे शब्द त्यापायी मरू देऊ नयेत. नवा शब्द आला म्हणून जुन्याला घराबाहेर काढायचं कारण नाही. ज्याच्याकडे 'वर' आणि 'पाशी' दोन्ही आहेत, तो कुठल्याही तिसऱ्या भाषेत एक पाऊल पुढे असतो.

म्हणून मंडळाकडे माझी एक साधी मागणी आहे. महिन्यातला एक शनिवार, एक तास. एकानं कॉलेजपासून राजवाड्यापर्यंतचा किंवा सराफ्यापर्यंतचा रस्ता मराठीत सांगायचा, दुसऱ्यानं तोच इंग्रजीत, तिसऱ्यानं हिंदीत. मग फळ्यावर तीन रकाने करून कोणता शब्द कुठे गेला ते पाहायचं. 'उजव्या हाताला वळा' इंग्रजीत 'टर्न राइट' होताना 'ला' कुठे गेला? 'सराफ्यात जिलेबी खाल्ली' आणि 'सराफ्यावर जिलेबी खाल्ली' यांत तुम्ही घरी काय म्हणता, तुमची आजी काय म्हणते? इंग्रजी विभागाच्या सरांना, मॅडमना बोलवावं, त्यांनाही मजा येईल. नियम एकच ठेवावा. कुणी चुकलं तर हसण्याआधी विचारायचं, "तुला मराठीत काय म्हणायचं होतं?" नव्वद टक्के दुरुस्ती या प्रश्नातच होते, असं मी माझ्या अनुभवानं म्हणते, आकडा फार मनावर घेऊ नका.

हा प्रश्न मी आईला विचारला, पण पाच वर्षं उशिरा. मागच्या दिवाळीत. भांडी घासता घासता सहज म्हटलं, "आई, त्या दिवशी तुला मराठीत काय म्हणायचं होतं?" कुठला दिवस ते तिनं विचारलं नाही. तिला लगेच कळलं. म्हणाली, "काय म्हणायचं असणार? मी फाटकापाशी उभी असते गं, अजून काय."

मी म्हटलं, "मग पाशीला इंग्रजीत ॲट म्हणतात. ॲट द गेट."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. नळ बंद केला, हात पुसले आणि म्हणाली, "एवढंच होतं होय?"

एवढंच होतं. आणि मी तेव्हा हसले होते.